जर्सीवरची ती तिरकी अक्षरं खेळाच्या मैदानावर नाही, ५०० वर्षांपूर्वी एका मास्तरच्या छापखान्यात जन्मली

गावातल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचा बॅनर आठवा. वर नेत्यांचे फोटो, खाली पहिल्या बक्षिसाची रक्कम आणि मधोमध इंग्रजीत स्पर्धेचं नाव. ती अक्षरं कशी असतात? जाडजूड, अंगानं चिंचोळी, एकमेकांना खेटून उभी आणि सगळीच्या सगळी उजवीकडं झुकलेली. कबड्डी संघाच्या टी-शर्टवर तीच, जिमच्या पाटीवर तीच, गाडीच्या टाकीवरच्या स्टिकरवर तीच आणि मॅचच्या हायलाइट्सच्या थंबनेलवर पण तीच.

डिझाइन करणाऱ्या पोराला विचारलं की बाबा हाच फॉन्ट का घेतलास, तर उत्तर ठरलेलं असतं. स्पोर्टी वाटतो.

वाटतोच. पळणारा माणूस पुढं झुकतो, वळणावर बाईक झुकते, तसं अक्षर झुकलं की ते कुठंतरी निघालंय असं आपल्या डोळ्याला वाटतं.

या प्रकाराला बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक म्हणतात. बोल्ड म्हणजे जाड, कंडेन्स्ड म्हणजे दाबून अरुंद केलेलं आणि इटॅलिक म्हणजे तिरकं. यातले पहिले दोन प्रकार तसे अलीकडचे, १९व्या शतकातल्या जाहिरातींच्या धंद्यातून आलेले. तिसरा मात्र थेट १५०१ सालचा आहे. त्याच्या मागं जो माणूस होता त्याला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. तो ग्रीक आणि लॅटिन शिकवणारा मास्तर होता, त्यानं चाळिशीच्या आसपास नोकरी सोडून छापखान्याच्या धंद्यात उडी घेतली आणि पुस्तक कसं दिसतं, किती मोठं असतं, ते कुठं बसून वाचायचं, हे सगळं बदलून टाकलं.

त्याचं नाव आल्दो मानुत्झिओ. लॅटिनमध्ये आल्दुस मानुतिअस.

त्याची गोष्ट सांगताना अजून एक नाव घ्यावं लागतं, जे बऱ्याचदा घेतलं जात नाही. ते पुढं येईलच.

मास्तर व्हेनिसला आला

आल्दोचा जन्म रोमच्या दक्षिणेला असलेल्या बास्सियानो नावाच्या लहानशा गावात झाला. साल नक्की नाही, १४४९ ते १४५२ च्या दरम्यान. म्हणजे जर्मनीत गुटेनबर्ग आपल्या छपाईच्या प्रयोगांत गुंतला होता, साधारण त्याच काळात.

रोममध्ये लॅटिन आणि फेरारा शहरात ग्रीक शिकून झाल्यावर त्याला शिकवणीची नोकरी लागली. कार्पी नावाच्या छोट्या संस्थानातल्या दोन राजपुत्रांना शिकवायचं. त्यातला मोठा अल्बेर्तो पिओ. ही ओळख आल्दोला जन्मभर पुरली, कारण पुढं छापखाना काढताना या घराण्याचा त्याला मोठा आधार झाला.

राजवाड्यात राहायला मिळतंय, मान आहे, वेळेवर पगार आहे. आपल्याकडं अशा नोकरीला सेटल होणं म्हणतात. पण आल्दोच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. शिकवताना त्याला रोज जाणवायचं की ग्रीक ग्रंथ मिळतच नाहीत. जे आहेत ते हातानं नकललेले, त्यात प्रत्येक नकलेत नव्या चुका आणि एखादी प्रत जळाली किंवा कसर लागून गेली तर ग्रंथच जगातून जाण्याची भीती.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेलं. त्याच्या आधीपासून आणि त्यानंतरही अनेक ग्रीक पंडित आपली हस्तलिखितं घेऊन इटलीत येत होते. त्यातले बरेच व्हेनिसला थांबले. शिवाय व्हेनिस तेव्हा युरोपातल्या छपाईच्या धंद्याची राजधानी होती. कागद तिथं, कारागीर तिथं, भांडवल तिथं आणि जहाजातून माल पाठवायची सोयही तिथंच.

१४९० च्या सुमारास आल्दो व्हेनिसला पोहोचला. हातात पैसा नव्हता, धंद्याचा अनुभव शून्य. त्याला भागीदार मिळाले ते दोन. एक आंद्रेआ तोरेझानी, मुरलेला छपाईवाला आणि पैशाच्या बाबतीत एकदम पक्का माणूस. दुसरा पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगो, व्हेनिसच्या प्रमुखाच्या म्हणजे डोजच्या घराण्यातला. भागीदारीत आल्दोचा वाटा सगळ्यात लहान होता. पण काय छापायचं आणि कसं छापायचं, यात डोकं त्याचं होतं.

१४९५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, ग्रीक भाषेचं व्याकरण. पुढच्या तीन वर्षांत ॲरिस्टॉटलचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये पाच खंडांत छापून झाले. हे काम किती मोठं होतं ते समजायला आधी खिळा कसा बनायचा ते बघावं लागेल.

पोलादात अक्षर कोरणारा माणूस

आज फॉन्ट म्हणजे एक फाइल. तेव्हा फॉन्ट म्हणजे किलोकिलोनं वजन असलेलं शिसं.

आधी पोलादाच्या छोट्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तेही खऱ्या आकारात. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कानशीनं घासून वळणं काढायची. मग ती कांब कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, की तांब्यात अक्षराचा खड्डा उमटतो. तो तुकडा साच्यात बसवून वर शिशाचा रस ओतला की एक खिळा तयार. असे हजारो खिळे पाडायचे, मग जुळारी ते एकेक उचलून ओळी लावणार.

ग्रीकमध्ये तर स्वरांवर वेगवेगळ्या खुणा असतात, त्यामुळं खिळ्यांची संख्या आणखी वाढते. मराठीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या-मात्रांसाठी आपल्या जुन्या छापखान्यांना किती खण लागायचे हे ज्यांनी बघितलंय त्यांना याचा अंदाज येईल.

पोलादात अक्षर कोरायचं हे काम आल्दोला येत नव्हतं. ते करायचा बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. सोनाराच्या घरात जन्मलेला, हातात विलक्षण कसब असलेला कारागीर. हेच ते दुसरं नाव.

१४९६ मध्ये पिएत्रो बेम्बो या तरुण लेखकानं एटना ज्वालामुखीच्या सफरीवर लिहिलेलं छोटं पुस्तक आल्दोनं छापलं. त्यासाठी ग्रिफोनं उभी लॅटिन अक्षरं कोरली. ती इतकी नीट जमली की इंग्रजी पुस्तकांमध्ये आजही वापरला जाणारा बेम्बो नावाचा टाइप त्यावरूनच घेतला आहे. मोनोटाइप कंपनीनं तो १९२९ मध्ये आणला. नाव मिळालं पुस्तकाच्या लेखकाचं, अक्षर कोरणाऱ्याचं नाही. आपण रोज टाइप करतो ते अर्धविराम चिन्ह, वर टिंब आणि खाली स्वल्पविराम, तेही छापील स्वरूपात पहिल्यांदा याच पुस्तकात दिसलं.

म्हणजे उभ्या अक्षराचा प्रश्न सुटला होता. मग तिरकं अक्षर कशासाठी?

बाळबोध आणि मोडी

हे समजून घ्यायला आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत दोन लिप्या चालायच्या. पोथी लिहायची, शिलालेख कोरायचा, तर बाळबोध. म्हणजे देवनागरी, प्रत्येक अक्षर सुटं आणि ठसठशीत. पण दफ्तरात कारकुनानं भराभर हिशेब आणि पत्रं लिहायची, तर मोडी. एका ओळीत हात शक्य तितका कमी उचलायचा, अक्षरं गोलाकार वळवत एकमेकांत गुंतवायची. कारण एकच, वेग.

इटलीत हुबेहूब हेच चाललं होतं. मोठ्या ग्रंथांसाठी उभी, सुटी अक्षरं. आणि विद्वान माणसं स्वतःच्या टिपणांसाठी, पत्रांसाठी किंवा आवडत्या कवितांच्या नकला करायला वापरायची ते भरभर लिहिलेलं, उजवीकडं झुकणारं हस्ताक्षर. फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोली या ग्रंथवेड्या माणसाला या वळणाचं श्रेय दिलं जातं. पुढं सरकारी आणि पोपच्या कचेऱ्यांमधले लेखनिकही अशाच वळणात लिहू लागले.

उजव्या हातानं भरभर लिहिताना अक्षर पुढं झुकतं. स्वतःच्या वहीत बघा. परीक्षेत पहिलं पान सरळ असतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलेलं पान तिरकं झालेलं असतं.

इटालियन लोक आजही या अक्षराला इटॅलिक म्हणत नाहीत. ते म्हणतात कोर्सिव्हो, म्हणजे धावतं. मूळ शब्द लॅटिनमधला पळण्याचा. इटॅलिक हे नाव बाहेरच्यांनी दिलं, इटलीतून आलं म्हणून.

म्हणजे पळणं या अक्षराच्या नावातच आहे. तेव्हा पळत होता तो लिहिणाऱ्याचा हात.

आल्दोनं ठरवलं की हेच धावतं हस्ताक्षर शिशात उतरवायचं. ग्रिफो कामाला लागला. १५०० मध्ये सिएनाच्या सेंट कॅथरीनच्या पत्रांचं पुस्तक निघालं, त्यातल्या एका चित्रात या नव्या अक्षरातले मोजके शब्द दिसले. ट्रेलर म्हणा हवं तर. पिक्चर आला १५०१ च्या एप्रिलमध्ये. रोमन कवी व्हर्जिलच्या कविता, अख्खं पुस्तक तिरक्या अक्षरात.

हातात मावणारं पुस्तक

त्या व्हर्जिलमध्ये आणखी दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

पहिली, आकार. तोपर्यंत असले अभिजात ग्रंथ म्हणजे मेजावर ठेवूनच वाचायचा प्रकार. आल्दोनं छापाचा मोठा कागद तीन वेळा दुमडला. त्यातून ८ पानं, म्हणजे १६ पृष्ठं तयार होतात. हा आकार आधीही होता, पण मुख्यतः प्रार्थनेच्या पुस्तकांसाठी. कवितेला तो वापरायची कल्पना बेम्बोच्या घरच्या ग्रंथालयातल्या लहान हस्तलिखितांवरून सुचली, असं आल्दोनं स्वतःच नंतर एका अर्पणपत्रिकेत नोंदवून ठेवलं.

दुसरी, भाष्य गायब. तेव्हा कवितेच्या चार ओळी मधे आणि चारी बाजूंनी पंडितांची टीका असं पान असायचं. आल्दोनं ते सगळं काढून टाकलं. पानावर फक्त कवी आणि समोर फक्त वाचक.

याचा परिणाम असा झाला की ज्यांना पुस्तक बाहेर न्यायचं होतं त्यांची सोय झाली. राजदूत, सरदार, वकील, विद्यार्थी. प्रवासात वाचा, बागेत वाचा, कामाच्या मधल्या वेळात वाचा. त्याच वर्षी होरेस आणि पेत्रार्क आले, पुढच्या वर्षी दान्ते. एक मालिकाच सुरू झाली.

इथं एक गैरसमज काढून टाकू. आल्दोनं कागद वाचवायला आणि पुस्तक स्वस्त करायला तिरकी अक्षरं आणली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तिरक्या अक्षरात ओळीत थोडे जास्त शब्द बसतात हे खरं. पण कवितेच्या ओळी मुळातच लहान, त्यामुळं तिथं फार कागद वाचत नाही. आणि ही पुस्तकं गरिबाला परवडतील अशीही नव्हती. आल्दोला जे हवं होतं ते वेगळं होतं. त्या काळी शौकीन माणसाकडं जशी सुंदर हस्ताक्षरातली, हातात मावणारी खासगी प्रत असायची, तशी प्रत त्याला छापून हजारोंच्या हातात द्यायची होती.

एक उणीव मात्र राहून गेली. ग्रिफोनं फक्त छोटी अक्षरं तिरकी कोरली होती. कॅपिटल अक्षरं उभीच राहिली. ओळीच्या सुरुवातीला एक ताठ उभं कॅपिटल आणि मागून झुकलेली छोटी अक्षरं, असं ते पान दिसतं.

पायरसी आणि भांडण

नवी गोष्ट चालली की कॉपी होणार, हे आल्दोला माहीत होतं. त्यानं व्हेनिसच्या सरकारकडं अर्ज केला आणि या अक्षराच्या वापराचा हक्क मिळवला. १५०२ मध्ये ग्रीक आणि तिरक्या अशा दोन्ही अक्षरांना संरक्षण मिळालं. पोपकडूनही तसं फर्मान आणलं. अक्षराच्या आकारावर कुणाची मालकी असू शकते का, हा वाद आज डिझायनर लोकांमध्ये चालतो. त्याच्या अगदी सुरुवातीच्या खटपटींपैकी ही एक.

पण व्हेनिसचा कायदा व्हेनिसपुरता. फ्रान्समधल्या ल्यों शहरात छापणाऱ्यांनी आल्दोची पुस्तकं जशीच्या तशी उचलली. तोच आकार, तसंच तिरकं अक्षर, त्याच प्रस्तावना. लोक आल्दोची समजून ती विकत घ्यायचे.

आल्दो चिडला. १५०३ च्या मार्चमध्ये त्यानं एक जाहीर पत्रक छापलं. नकली प्रत कशी ओळखायची ते त्यात सविस्तर सांगितलं. कागद हलका आहे, त्याला वास येतो, अक्षरांचं वळण फ्रेंच वाटतं आणि चुका तर ढीगभर. मग त्यानं कुठल्या पुस्तकात नेमक्या कुठं काय चुका आहेत, त्याची यादीच दिली.

ल्योंच्या मंडळींनी ते पत्रक वाचलं, यादीवरून आपल्या चुका दुरुस्त केल्या आणि सुधारित नकली आवृत्ती बाजारात आणली. फुकटात प्रूफ रीडिंग झालं.

ही झाली बाहेरची चोरी. घरातलं भांडण जास्त गंभीर होतं.

ज्या अक्षराचा हक्क आल्दोच्या नावावर झाला, ते अक्षर कोरलं ग्रिफोनं. व्हर्जिलच्या पुस्तकात आल्दोनं त्याच्या कसबाचं कौतुक करणारं छोटं पद्य छापलं होतं हे खरं. पण हक्क मिळाला तो छापणाऱ्याला. ग्रिफोनं तेच अक्षर दुसऱ्या कुणासाठी पुन्हा कोरलं तर व्हेनिसच्या हद्दीत तोच गुन्हेगार ठरणार होता. स्वतःच्याच हाताची नक्कल केल्याबद्दल.

१५०२-०३ च्या सुमारास ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फानो गावात गेर्शोम सोन्चिनो या ज्यू मुद्रकाकडं त्यानं नवं तिरकं अक्षर कोरून दिलं. १५०३ मध्ये सोन्चिनोनं पेत्रार्कचं पुस्तक छापलं आणि अर्पणपत्रिकेत सरळ सांगून टाकलं की आल्दोनं वापरलेल्या सगळ्या अक्षरांचा खरा कर्ता बोलोन्याचा फ्रान्चेस्को आहे, श्रेय मात्र दुसऱ्यांनी घेतलं.

पुढं ग्रिफो आपल्या गावी परतला. १५१६ मध्ये त्यानं स्वतःच प्रकाशन सुरू केलं, अगदी चिमुकल्या आकाराची पुस्तकं काढली. धंदा काही वर्षभराच्या पुढं फार गेला नाही. त्यानंतर बोलोन्याच्या कागदपत्रांत त्याचं नाव येतं ते खुनाच्या प्रकरणात. जावयाशी झालेल्या भांडणात लोखंडी कांबीनं केलेल्या मारहाणीत जावई मेला. त्यानंतर ग्रिफो कागदांतून नाहीसा होतो.

त्याचं नाव इतकं पुसलं गेलं की १९व्या शतकात ब्रिटिश म्युझियमचे नामवंत ग्रंथपाल अँटोनिओ पानिझ्झी यांनी हा बोलोन्याचा फ्रान्चेस्को म्हणजे चित्रकार फ्रान्चेस्को राइबोलिनी, असं मांडलं. जुने दस्तऐवज शोधल्यावर कळलं की चित्रकार वेगळा आणि आपला ग्रिफो वेगळा.

घाई, पण सावकाश

इकडं आल्दोचा छापखाना म्हणजे विद्वानांचा अड्डा झाला होता. लोक नुसते गप्पा मारायला यायचे आणि कामाचा खोळंबा व्हायचा. शेवटी आल्दोनं दारावर पाटी लावली की काम असेल तर दोन शब्दांत सांगा आणि निघा, नाहीतर आत येऊन हातभार लावा.

त्याच्या पुस्तकांवर नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन असायचा. एका जुन्या रोमन नाण्यावरून घेतलेलं ते चिन्ह. डॉल्फिन म्हणजे वेग, नांगर म्हणजे थांबणं. घाई कर पण सावकाश, असा त्याचा अर्थ. भरभर लिहिलेलं हस्ताक्षर वर्षभर खपून पोलादात कोरून घेणाऱ्या माणसाला हे चिन्ह शोभतं.

१५०५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या आल्दोनं भागीदार तोरेझानीच्या मुलीशी, मारियाशी लग्न केलं. भागीदार आता सासरा झाला आणि दोन्ही घरं एक झाली. १५०७-०८ मध्ये प्रसिद्ध डच विद्वान इरॅस्मस तिथं येऊन राहिला. एका बाजूला बसून तो आपला म्हणींचा ग्रंथ वाढवतोय आणि बाजूला जुळारी ती पानं लगेच जुळवतायत, असा कारभार चालायचा. कामाबद्दल इरॅस्मसनं कौतुक केलं. जेवणाबद्दल मात्र नाही. त्या घरातल्या चिक्कूपणाची त्यानं पुढं एका संवादात मनसोक्त टर उडवली, पण त्याचा रोख मुख्यतः सासऱ्यावर होता.

१५०९ मध्ये पोप, फ्रान्स आणि इतर सत्ता एकत्र येऊन व्हेनिसवर तुटून पडल्या. व्हेनिसचा मोठा पराभव झाला, धंदे बसले, छापखाना बंद पडला. आल्दोनं व्हेनिस सोडलं. १५१२ मध्ये तो परत आला, पुन्हा खिळे जुळायला लागले आणि १५१३ मध्ये प्लेटोचे समग्र ग्रंथ पहिल्यांदाच मूळ ग्रीकमध्ये छापून निघाले.

६ फेब्रुवारी १५१५ रोजी आल्दो गेला. व्हेनिसच्या सान पातेर्नियान चर्चमध्ये त्याचं पार्थिव ठेवलं होतं, तेव्हा भोवती त्यानं छापलेली पुस्तकं रचली होती.

जायच्या काही दिवस आधी त्यानं मृत्युपत्र केलं. त्यात बायको-मुलांची सोय आहे, पैशाअडक्याची बोलणी आहेत आणि एक वेगळीच सूचनाही आहे. आपल्या धावत्या अक्षराचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, ते जुलिओ काम्पान्योला या कलाकाराकडून पूर्ण करून घ्या आणि त्याला जुळतील अशी कॅपिटल अक्षरं करून घ्या, अशी विनंती त्यानं सासऱ्याला केली होती. मरणाच्या दारात असताना त्या माणसाला ती उभी राहून गेलेली कॅपिटल खटकत होती.

व्हेनिस ते जर्सी

पुढच्या काही दशकांत इतर मुद्रकांनी कॅपिटलही तिरकी केली. पण अख्खं पुस्तक तिरक्या अक्षरात छापायची पद्धत मागं पडली. उभ्या अक्षरांमध्ये एखाद्या शब्दावर जोर द्यायला किंवा ग्रंथाचं नाव वेगळं दाखवायला इटॅलिक वापरायचं, असा नियम होत गेला. हिरोचा साइड हिरो झाला.

मग आली १९व्या शतकातली औद्योगिक क्रांती. लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरायला लागल्या. सर्कस, लॉटरी, नाटकं, रेल्वे. लांबून दिसायला हवं म्हणून अक्षर जाड झालं. कमी रुंदीच्या कागदावर मोठ्या उंचीचं नाव बसायला हवं म्हणून ते दाबून अरुंद झालं. टोकांवरचे बारीक फटकारे काढून टाकलेली सपाट अक्षरं आली. ही जाड आणि अरुंद अक्षरं तिरकी केली की आपला आजचा स्पोर्टी फॉन्ट तयार.

यात एक तांत्रिक फरक आहे. आल्दोचं इटॅलिक म्हणजे वेगळं लिहिलेलं अक्षर, त्यात अक्षरांचे आकारच हस्ताक्षरासारखे बदलतात. स्पोर्टी फॉन्टमध्ये बहुतेक वेळा उभंच अक्षर तिरकं झुकवलेलं असतं. याला ओब्लिक म्हणतात. तुम्ही मराठी शब्द सिलेक्ट करून इटॅलिकचं बटण दाबता तेव्हा साधारण हेच होतं. शिरोरेषा जागेवर राहते, काना-मात्रा कलंडतात आणि अक्षर पळतंय असं न वाटता कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. कारण देवनागरीत धावतं अक्षर म्हणजे तिरकं केलेलं बाळबोध नव्हतंच. आपलं धावतं अक्षर मोडी होतं. म्हणून मराठी जर्सीसाठी चांगलं अक्षर हवं असेल तर ते कुणीतरी मुद्दाम बसून काढावं लागतं.

आणि स्पोर्टी फॉन्टमध्ये जवळपास सगळं कॅपिटलमध्येच लिहिलेलं असतं. आडनाव कॅपिटलमध्ये, संघाचं नाव कॅपिटलमध्ये, सगळं झुकलेलं. आल्दोच्या मृत्युपत्रात जे काम बाकी होतं, तेच आज खेळाडूंच्या पाठीवर फिरतंय.

आल्दोचं नाव पुढं एकदा अनपेक्षितपणे परत आलं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पॉल ब्रेनर्ड यांनी एक सॉफ्टवेअर कंपनी काढली, नाव ठेवलं आल्डस. तिनं १९८५ मध्ये आणलेलं सॉफ्टवेअर म्हणजे पेजमेकर. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिकेपासून साप्ताहिकापर्यंत सगळं ज्याच्यावर जुळवलं गेलं ते हेच. ती कंपनी १९९४ मध्ये ॲडोबीमध्ये विलीन झाली.

ग्रिफोच्या वाट्याला मात्र अभ्यासकांच्या जगाबाहेर फारसं काही आलं नाही. आजही अक्षर काढणाऱ्यांची स्थिती काही फार वेगळी नाही. एका फॉन्टमागं कुणीतरी महिनोन्‌महिने बसून एकेक वळण घासलेलं असतं. आपण ती फाइल ग्रुपवर फॉरवर्ड करतो, बॅनर छापतो आणि विसरून जातो.

त्यामुळं पुढच्या वेळी स्पर्धेच्या पोस्टरसाठी फॉन्ट डाउनलोड कराल तेव्हा त्या फाइलसोबत एक छोटी माहितीची फाइल येते, ती एकदा उघडून बघा. फॉन्ट कुणी केलाय आणि कशासाठी वापरायला परवानगी आहे, ते तिथं लिहिलेलं असतं. वाचायला अर्धा मिनिट लागतो. ग्रिफोचं नाव शोधून काढायला लोकांना जवळपास ४०० वर्षं लागली होती.